दापोली ते रत्नागिरी : पायगाडीवरून चार दिवस

आमचें कडा हें गांव बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस, आष्टी तालुक्यांत आहे. समुद्र येथून इतका दूर कीं, आमच्या सीनेचें पाणी देखील कोंकणाकडे पाठ फिरवून भीमेस मिळतें व पुढें कृष्णेच्या सोबतीनें पूर्वसमुद्रास जातें. या भागांत मराठी शाळेंत मीं तीस-बत्तीस वर्षें मुलांस भूगोल शिकविला. त्यांत कोंकणचा धडा दरवर्षीं येत असे. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगावा, छडीचें टोंक रेवसपासून रेडीपर्यंत ओढावें आणि सांगावें, “मुलांनो, सह्याद्रि आणि समुद्र यांच्यामधील ही अरुंद, सखल पट्टी.” नकाशांत ती हिरवी दाखविलेली असे. हिरवा रंग म्हणजे सखल भूमि, हें मुलांस पाठ होतें. मलाही तेवढेंच पाठ होतें. कारण कोंकण मीं तोंवर पाहिलेंच नव्हतें.

एके वर्षीं वर्गांत गुहागराकडचा एक मुलगा आला. वडिलांच्या बदलीमुळें तें कुटुंब आमच्याकडे आलें होतें. माझा धडा चालू असतां तो उभा राहून म्हणाला, “गुरुजी, आमच्याकडे सपाटी कुठें आहे? शाळेला जातांनाच दोन चढ लागायचे.” मीं त्यास विचारलें, “म्हणजे पुस्तक खोटें आणि तूं खरा काय?” वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला. पुढें दीड वर्ष तो माझ्या वर्गांत होता, पण त्यानें पुन्हां कधीं हात वर केला नाहीं. मग वडिलांची बदली झाली व तो गेला. ही गोष्ट मीं विसरून गेलों होतों, असें मला वाटत होतें.

माझा धाकटा पुतण्या पुण्यास नोकरीस आहे. त्याला सायकलीचा नाद. आमच्या वडिलांच्या पिढीनें तिला ‘पायगाडी’ म्हटलें. मीही हयातभर काळ्या, जड पायगाडीवरून शाळेस गेलों. गेल्या मार्गशीर्षांत तो म्हणाला, “काका, दापोलीहून रत्नागिरीपर्यंत समुद्राच्या काठानें जाऊं या. चार दिवस घेऊं. तुम्हांला झेपेल तितकेंच चालवूं.” घरांत ही वार्ता कळतांच वहिनींनीं “साठी नि बुद्धि नाठी” एवढेंच म्हटलें. दादांनीं रोज दिवेलागणीस फोन करण्याची अट घालून परवानगी दिली. दोन गिअरच्या सायकली टेम्पोंतून दापोलीस गेल्या आणि मागोमाग आम्हीही.

दापोली समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरांहून अधिक उंच आहे, हा माझ्या ‘सखल’ पट्टीस बसलेला पहिला धक्का. तेथून मुरुडचा उतार उतरतांना ब्रेक दाबून बोटें अवघडलीं. मुरुड हें महर्षि कर्व्यांचें गांव. सहाव्या इयत्तेच्या सार्वजनिक परीक्षेसाठीं कर्वे येथून कुंभार्ली घाटानें साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायीं चालत गेले. आणि तेथें परीक्षकांनीं, वय लहान दिसतें म्हणून, त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. १९५८ सालीं भारतरत्न झालेल्या या पुरुषाच्या चरित्रांतील ही हकीकत मीं वर्गांत अनेकदां सांगितली होती. पण मुरुडहून कर्दें, लाडघर, बुरोंडी असा रस्ता पायांखालीं आला, एकेका टेकाडावर धाप लागली, तेव्हां त्या मुलाच्या चालण्याचें वजन मला प्रथम कळलें. चाळीस वर्षें ती हकीकत मीं केवळ तोंडानें सांगत होतों.

दुसरे दिवशीं आम्ही दाभोळास पोहोंचलों. दाभोळ हें बहामनी काळांत नांवाजलेलें बंदर. निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकांत परतीच्या वेळीं येथूनच जहाजांत चढला. समोर वाशिष्ठीची रुंद खाडी आणि पलीकडे धोपावें. २००३ सालापासून येथें मोटारी वाहून नेणारी मोठी नौका चालते. तिनें दहा-पंधरा मिनिटांत आम्हांस पैलतीरीं नेलें. ती नसती तर चिपळुणास वळसा घालून शंभर किलोमीटरांच्या आसपास रस्ता तुडवावा लागता.

धोपाव्याच्या धक्क्यापासून रस्ता जो चढूं लागला, तो संपेचना. निम्म्यावर मी खालीं उतरलों व सायकल हातीं धरून चालूं लागलों. पुतण्याही घामानें निथळत होता. तो हंसत म्हणाला, “काका, तुमची ती सखल पट्टी केव्हां लागायची?” त्यास बिचाऱ्यास कांहींच ठाऊक नव्हतें. पण माझ्यापुढें तो वर्ग, ती छडी आणि खालीं बसलेला मुलगा उभा राहिला. समोर गुहागराचाच रस्ता होता. मी कडेच्या एका दगडावर बसलों आणि पुतण्यास सर्व हकीकत सांगितली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें पाण्याची बाटली पुढें केली आणि म्हणाला, “चला, काका.”

ही भूमि अशी कां आहे, हें त्या चढावर नीट उमगलें. समुद्रालगत जांभ्या दगडाचीं उंच पठारें आहेत. त्यांस येथें ‘सडा’ म्हणतात. सह्याद्रींतून येणाऱ्या नद्यांनीं हे सडे जागोजाग चिरले. पुढें समुद्राची पातळी वाढून नद्यांचीं मुखें बुडालीं, त्याच आजच्या खाड्या. म्हणून किनाऱ्यानें जाणाऱ्यास एक सडा चढावा, एक खाडी वा पऱ्ह्या उतरावा आणि पुन्हां चढावें, हाच क्रम. रघुवंशाच्या चौथ्या सर्गांत कालिदासानें कल्पना केली आहे कीं, परशुरामाच्या अस्त्रानें मागें हटलेला समुद्र रघूच्या सेनेच्या रूपानें जणूं पुन्हां सह्याद्रीस येऊन भिडला. भरतीचें पाणी वाशिष्ठींतून चिपळुणाच्या जवळपर्यंत चढतें हें ऐकल्यावर मला वाटलें, समुद्र तर रोज दोन वेळां सह्याद्रीच्या भेटीस निघतो!

गुहागर नारळी-पोफळींत दडलेलें आहे. व्याडेश्वराचें दर्शन घेतलें. तिसरे दिवशीं पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, नरवण असे चढ-उतार करीत तवसाळास आलों व शास्त्री नदीची खाडी नौकेनें ओलांडून जयगडास उतरलों. वाटेंत शाळा सुटलेलीं मुलें पाठीवर दप्तरें घेऊन चढ चढत होतीं. मीं त्यांना वाट करून दिली.

चौथे दिवशीं मालगुंड. १८६६ सालीं जन्मलेल्या केशवसुतांचें हें गांव. त्यांच्या घराचें आतां स्मारक झालें आहे. ते स्वतः शिक्षक होते आणि त्यांचे वडीलही शिक्षक. गणपतीपुळ्यास नमस्कार करून आरे-वारेचा रस्ता धरला. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस खालीं पांढरी वाळू आणि निळें पाणी; तेथें सायकल थांबविल्यावांचून कोणीही पुढें जाऊं शकणार नाहीं. सायंकाळीं रत्नागिरीस लोकमान्यांचें जन्मस्थान पाहिलें. त्यांचे वडील गंगाधरपंत हेही शिक्षकच. माझ्या पेशाचीं इतकीं थोर माणसें ज्या भूमींत झालीं, तिच्याविषयीं मीं वर्गांत किती अजागळपणें बोललों होतों!

ज्यांना हा प्रवास करावयाचा आहे, त्यांच्यासाठीं चार शब्द. कार्तिकापासून माघापर्यंत जावें. पावसाळ्यांत येथें तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व उतार निसरडे होतात. पहांटे निघून अकराच्या आंत निम्मा पल्ला उरकावा. उतार संपण्यापूर्वींच पुढच्या चढाचा हलका गिअर लावावा. उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबूं नये. दोन्ही ब्रेक थोडथोडे दाबावेत. नौकेच्या वेळा आदले दिवशीं विचाराव्या. मीठ घातलेल्या कोकम सरबतानें थकवा उतरतो. घरगुती खानावळींत आधीं कळविल्यास ऊन वरणभात वेळेवर मिळतो. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर म्हणजे आमच्या माळरानावर कांहींच नव्हे. येथें साठी उलटलेल्यास तेवढें पुष्कळ. चढावर उतरून चालण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. मी नऊ वेळां उतरलों.

या सागरी मार्गावरील खाड्यांवर पूल बांधण्याचें काम शासनानें हातीं घेतलें आहे. आजारी माणसास खाडीपलीकडील दवाखान्यांत नेणाऱ्यांस नौकेची वाट पाहणें परवडत नाहीं; म्हणून पूल व्हावेत. मात्र धक्क्यावर बसून पलीकडचा चढ न्याहाळण्यांत जी अर्धी घटका गेली, ती माझ्या स्मरणांत राहील.

परत आल्यावर एका शनिवारीं मी जुन्या शाळेंत गेलों. हेडमास्तरांच्या परवानगीनें सातवीच्या वर्गांत तोच नकाशा टांगला आणि मुलांस सांगितलें कीं, हा हिरवा रंग पुरता खरा नाहीं. कोणत्या मुलानें तें आधीं सांगितलें होतें आणि त्याला काय उत्तर मिळालें, तेंही सांगितलें. या वेळीं वर्ग हंसला नाहीं.

तो मुलगा आतां चाळिशीच्या पुढें असेल. त्याचा ठावठिकाणा मजजवळ नाहीं. हें मासिक पुष्कळ घरांतून जातें. कदाचित् त्याच्याही घरीं जात असेल. तसें असल्यास त्यानें एवढें वाचावें : बाळ, तुझे दोन्ही चढ मीं पाहिले. तूं खरा होतास.