सामान कोण सांभाळणार?

धर्मगुरूने कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, याविषयी धर्मग्रामात लेखी नियम नसतात. अपेक्षा मात्र असतात. सापाला किंवा काळोखाला भिणारा फादर लोक एक वेळ समजून घेतील. आकाशपाळण्याला भिणारा फादर मुलांच्या गळी कसा उतरवावा? आम्ही त्या जातीचे. लहानपणी निर्मळच्या जत्रेतला पाळणा आम्ही खालूनच पाहिला, आणि सोबतच्या भावंडांना पोटात दुखत असल्याचे सांगितले.

१९९२ साली आम्ही गोरेगावच्या सेमिनरीत शिकत होतो. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झाले होते आणि मुंबईत त्याचे अप्रूप अजून ओसरले नव्हते. मार्वेहून लाँचने खाडी ओलांडून आम्हा ब्रदरांची सहल तेथे गेली. रोलर कोस्टरच्या रांगेत आम्ही उत्साहाने उभे राहिलो. रांग पुढे सरकू लागली तसतसा डोक्यावरून जाणाऱ्या गाडीचा खडखडाट पोटात उतरू लागला. फाटकापाशी पोहोचताच आम्ही सोबत्यांना म्हणालो, "तुम्ही जा. सामान कोण सांभाळणार?"

हे वाक्य त्या क्षणी सुचले आणि पुढे तीस वर्षे उपयोगी पडले. वेदीसेवकांची सहल असो की युवकांची, आम्ही आपले पिशव्यांपाशी. "आमचे फादर स्वतः मजा करीत नाहीत, मुलांच्या वस्तू राखत बसतात," असे पालक कौतुकाने म्हणत. आम्ही ते ऐकून घेत असू. हे ऐकून घेणे आमच्या पापनिवेदनात कधी आले नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

भीती म्हणजे काय, हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी भीतीची सविस्तर मीमांसा केली आहे. भ्यालेला माणूस थरथरतो का, हा प्रश्नही त्यांनी सोडलेला नाही. धैर्याचे मुख्य काम चाल करून जाणे नव्हे, संकटात टिकून राहणे होय, असे त्यांचे म्हणणे. सेमिनरीच्या परीक्षेत या प्रश्नाला आम्हाला चांगले गुण मिळाले होते.

२०२३ सालच्या मे महिन्यात वेदीसेवकांना घेऊन आम्ही खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो. बसमध्ये जपमाळ झाली, नंतर गाणी झाली. तेथे 'नायट्रो' नावाचा रोलर कोस्टर आहे. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात, आणि वाटेत पाच वेळा डोके खाली, पाय वर. मुले धावली. आम्ही बाकावर पिशव्या रचून बसलो. शेजारी सातवीतला एक वेदीसेवक येऊन बसला. त्याने पिशव्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजून झाल्यावर खाली पाहतच त्याने विचारले, "फादर, तुम्हालाही भीती वाटते ना?"

नेहमीचे वाक्य ओठावर आले होते. पण तो मुलगा स्वतः तेच वाक्य जगत आमच्याशेजारी बसला होता. आम्ही "हो" म्हणालो.

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला आणि तो बोलू लागला. ज्याची भीती, त्याची खडान्‌खडा माहिती भित्र्या माणसाने गोळा केलेली असते. गाडीला इंजिन नसते म्हणाला. साखळी तिला एकदा वर नेऊन सोडते, पुढचे सारे गुरुत्वाकर्षण करते. चाके तीन तऱ्हेची असतात: काही रुळावर, काही बाजूला, काही रुळाच्या खाली. खालच्या चाकांमुळे गाडी रूळ सोडूच शकत नाही. (पुढे आम्हीही थोडे वाचले. १८८४ साली अमेरिकेत कोनी आयलंडला थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने असा झुलता रेल्वेमार्ग उभारला, तेव्हा त्याचा वेग ताशी सहा मैल होता. आमची सायकल त्याहून जलद चालते. खालच्या चाकांची युक्ती जॉन मिलर यांची, १९१९ सालची.) एवढे सांगून तो म्हणाला, "सगळं माहीत आहे, फादर, पण पाय जात नाहीत." आम्ही म्हणालो, "मग दोघांचे मिळून चार नेऊन बघू."

सिस्टर म्हणाल्या, "जा फादर, सामान मी सांभाळते." चष्मा त्यांच्याकडे दिला, खिशातली जपमाळही द्यावी लागली. खांद्यांवरून जाड कडे खाली आले, आणि मग पायाखालची जमीनच बाजूला झाली. या गाडीला तळ नाही, पाय अधांतरी लोंबतात, हे मुलाने आम्हाला सांगितले नव्हते. तो म्हणाला, मुद्दामच.

साखळी सावकाश वर नेऊ लागली. चढण संपता संपेना. त्या चढणीवर आम्हाला एक आजारी गृहस्थ आठवले. शस्त्रक्रियेसाठी त्यांना आत नेत असताना, स्ट्रेचरच्या बाजूला उभे राहून आम्ही "भिऊ नका" म्हणालो होतो. त्यांनी आमच्याकडे नुसते पाहिले. ते पुढे बरे झाले, रविवारी मिस्साला येतात. पण त्या नजरेचा अर्थ आम्हाला पहिल्यांदा तेथे, वर, लागला. तेवढ्यात मुलाने आमचे मनगट घट्ट धरले. त्याला काहीतरी धीराचे सांगावे असे वाटले. आमच्या तोंडून निघाले, "मलाही फार भीती वाटते आहे रे." आणि गाडी सुटली.

पुढचे फारसे सांगता येत नाही. कोणतीही प्रार्थना आठवली नाही. "आये!" अशी हाक मात्र आम्ही मोठ्याने मारली, असे मागच्या ओळीतल्या मुलांनी नंतर साऱ्या बसला साभिनय दाखवले. उतरलो तेव्हा गुडघे लटपटत होते. अक्वायनसच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी होते.

मुलगा तडक दुसऱ्या फेरीच्या रांगेत गेला. आम्ही गेलो नाही. बाकावर पिशव्यांपाशी येऊन बसलो. थोड्या वेळाने एका मुलाची आई पाण्याची बाटली घ्यायला आली आणि म्हणाली, "फादर, तुम्ही पुन्हा नाही गेलात? आमच्या पिशव्यांसाठी थांबलात ना?"

"नाही हो," आम्ही म्हणालो, "भीती वाटते म्हणून थांबलो."