घोटाळा कुणाचा, हिशेब कुणाचा?

टीव्हीवर एखादा घोटाळा गाजायला लागला की आमच्या विहाराच्या कट्ट्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो. किती कोटी गेले, हा नाही. "माणूस कुणाचा आहे?" हा. ते कळलं की राग किती यायचा ते ठरतं. विरोधातला असेल तर चहा संपेपर्यंत शिव्या. आपल्या आघाडीतला असेल तर "सगळेच खातात". आणि आपल्या समाजातला असेल तर "मुद्दाम अडकवलंय". आम्हीही त्याच कट्ट्यावर बसतो. समाजशास्त्रात एम.ए. केलं म्हणून आमचा तराजू फार वेगळा होता असं नाही.

आम्ही शिकत होतो ते दिवस घोटाळ्यांचेच होते. २०१० साली 'आदर्श' इमारतीच्या प्रकरणात मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. मग सिंचन आलं. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्चून राज्याचं सिंचन क्षेत्र अवघं ०.१ टक्का वाढलं, या आकड्यांवरून २०१२ साली सरकार हादरलं. तेव्हा निषेधसभेत घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. ते सोपं होतं. आरोप होते ते आमच्या गल्लीतले नव्हते, आणि धरणाच्या कालव्यावर आमची जमीनही नव्हती.

खरी परीक्षा २०१५ साली झाली. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे विकास महामंडळातल्या शेकडो कोटींच्या अपहाराच्या आरोपावरून महामंडळाचे माजी अध्यक्ष आणि मोहोळचे तेव्हाचे आमदार रमेश कदम यांना अटक झाली. हे महामंडळ मातंग आणि तत्सम जातींसाठी. ज्यांना बँक दारात उभं करत नाही त्यांना धंद्यासाठी चार पैसे मिळावेत म्हणून काढलेलं. बातमी आली त्या संध्याकाळी कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे, त्यांचं महामंडळ आहे. आपलं महात्मा फुले वेगळं." आम्ही काहीच बोललो नाही. शेजारच्या मातंग वस्तीतला एक गडी आमच्यात बसला होता. त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून गेला.

मित्रांनो, तो अर्धा कप आजही डोळ्यांपुढून जात नाही. एरवी भाषणात आम्ही "बहुजन एकजूट" म्हणतो. पण पैसा गरिबाचा गेला तेव्हा आम्ही त्याची जात पाहिली. यालाच बाबासाहेब उतरंड म्हणत होते ना? मग ती आमच्या कट्ट्यावर कशी येऊन बसली?

दुसरी गोष्ट सांगायला जास्त जड जाते. वस्तीतल्या एका मावशीच्या मुलीला प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. शेवटची तारीख दोन दिवसांवर. कागद सगळे पूर्ण. तरी टेबलावरचा माणूस रोज एक नवी त्रुटी काढायचा. शेवटी म्हणाला, "चहापाण्याचं बघा." मावशीची त्या दिवशीची मजुरी बुडालीच होती. आम्ही खिशातून पाचशेची नोट काढली आणि दिली. संध्याकाळी दाखला हातात आला. परतताना मावशी म्हणाल्या, "सर, तुम्ही होता म्हणून झालं." आमची मान खाली.

पंधरा दिवसांनी वस्तीतलाच दुसरा मुलगा त्याच टेबलापाशी गेला. त्याला उत्तर मिळालं, "मागच्या वेळी तुमच्या सरांनी पाचशे दिले होते." म्हणजे आमच्या वस्तीचा दर आम्हीच ठरवून आलो होतो!

त्या मुलाबरोबर मात्र आम्ही लोकसेवा हक्काचा कायदा घेऊन गेलो. २०१५ चा आहे. अर्जाची पोच मिळणं हा हक्क आहे, सेवेला ठरलेली मुदत आहे, मुदत चुकली तर अपील आहे. विनाकारण अडवणाऱ्याला किमान ५०० आणि कमाल ५,००० रुपये दंड आहे. जेवढी लाच आम्ही देऊन आलो तेवढा तर किमान दंड! पोच मागितली, लेखी अपील केलं. वेळ लागला, चकरा झाल्या, पण दाखला एक रुपया न देता निघाला. हे मावशीच्या वेळी आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. घाई होती, आणि पाचशे देणं सोपं होतं. मोठ्या घोटाळ्यातला प्रत्येक माणूसही स्वतःला असंच काहीतरी सांगत असेल.

यानंतर आम्ही जयंतीच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब मागितला. अध्यक्ष काका दुखावले. "बाबासाहेबांच्या नावाने कुणी खाईल का रे?" आम्ही म्हणालो, "काका, तुमच्यावर संशय नाही. पण त्या महामंडळावरही अण्णाभाऊंचंच नाव होतं." बैठक तापली. दोन जण उठून गेले. पण त्या वर्षापासून जमा-खर्चाचा कागद विहाराच्या भिंतीवर लागतो. पहिल्याच वर्षी सगळ्यांना दिसलं की डीजेवर किती गेले आणि मुलांच्या वह्यांवर किती. पुढच्या वर्षी डीजेवरचा खर्च निम्मा झाला. कुणालाही चोर न म्हणता.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. हे आपण इतरांच्या नेत्यांना ऐकवतो. आपल्या नेत्याला, आपल्या काकांना, स्वतःला ऐकवतो का? दर रविवारी पंचशील घेताना न दिलेलं घेणार नाही असं आपण म्हणतो. जे न दिलेलं घेतात त्यांच्यापुढे गप्प बसणं त्या शीलात बसतं का?

विरोधक म्हणतील, बघा, हे स्वतःच कबूल करतात. म्हणू द्या. आपलं घर झाडलं म्हणून त्यांचे हजारो कोटी माफ होत नाहीत. उलट घर झाडलेल्या माणसालाच दुसऱ्याच्या दारात उभं राहून हिशेब मागता येतो.

म्हणून पुढचा घोटाळा टीव्हीवर येईल तेव्हा "माणूस कुणाचा?" हे विचारू नका. "पैसा कुणाचा होता?" हे विचारा. आणि शेजारी बसलेल्याचा चहा अर्धा राहणार नाही, एवढं बघा.

जयभीम!