सोलर घेताय? आधी वीजबिल बघा

सध्या गावात सोलरवाले घरोघर फिरतायत. 'पाच किलोवॅट टाका, बिल झिरो!' परवा गल्लीतल्या एका मावशींच्या हातात असंच कोटेशन होतं. त्यांचा वापर महिन्याला जेमतेम सव्वाशे युनिट!

हिशेब सोपा आहे. एक किलोवॅटमधून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, म्हणजे महिन्याला १२०. पावसाळ्यातली घट धरली तरी मावशींना फार तर दोन किलोवॅट पुरे. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे, तीनला ७८,०००. त्यापुढे कितीही टाका, ७८,०००च. वरचा भार आपल्या खिशावर, बहुतेकदा कर्ज काढून.

अजून एक, जे विकणारे सांगत नाहीत. बॅटरी नसलेला ऑनग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की बंद होतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ते गरजेचंच आहे. पण बॅकअप हवा असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, त्याचा खर्च वेगळा.

म्हणून बारा महिन्यांचे युनिट मिळवा, बाराने भागा, आलेला आकडा पुन्हा १२०ने भागा. साधारण तेवढे किलोवॅट तुमचे. कोटेशनवर सही त्यानंतर.