येलदरीला शीड नाही

आमच्या जिंतुरात शरद ऋतू टक्क्यांनी येतो. गणपती बसले की चहाच्या टपरीवर, बसस्थानकात, बँकेच्या रांगेत एकच विचारणा असते: येलदरी किती झाली? गावात पाऊस किती पडला याला तसा अर्थ नसतो. वर बुलढाण्याकडं तो पडला, खडकपूर्णेचे दरवाजे उघडले, की आमचं धरण भरतं. म्हणून आभाळाकडं बघण्यापेक्षा वर्तमानपत्रातल्या आकड्याकडं बघितलेलं बरं. साठ टक्के झाली की प्यायच्या पाण्याचा घोर मिटतो, ऐंशी झाली की रब्बीची बोलणी सुरू होतात आणि शंभरावर गेली की पोरं मोटारसायकली काढून दरवाजे बघायला धावतात.

पूर्णेवरचं हे मातीचं धरण १९६८ साली पुरं झालं. सव्वाचार किलोमीटर लांबीची भिंत, ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी, पायथ्याला साडेसात मेगावॉटचे तीन वीजसंच. या पाण्यातलं सुमारे ८०९ दलघमी जिवंत, उरलेलं मृत. ‘मृतसाठा’ हा शब्द आमच्याकडं पोरं पाढ्यांच्या आधी ऐकतात. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तेव्हा सगळ्या देशाला ती बातमी वाटली. आम्हाला ती शेजारघरची गोष्ट होती. अशा मुलखात पाणी मोजायचं असतं, राखायचं असतं, त्यावरून भांडायचं असतं. त्याच्याशी खेळायचं नसतं. भिंतीवर उभं राहिलं की दूरवर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं सोडणारे भोई दिसत, तेवढीच काय ती येलदरीच्या पाण्यावरची माणसं.

नोकरीनं मला मुंबईत नेलं, फोर्टातल्या कचेरीत. तिथल्या एका सहकाऱ्याला शिडाच्या होडीचं वेड होतं आणि त्याचा जोडीदार बदलीवर गेला होता. त्याची होडी एंटरप्राइझ जातीची, तेरा फुटांची, दोन माणसांची, निळ्या शिडांची. मागचा माणूस सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो; पुढचा धाकटं शीड ओढतो आणि होडी कलंडायला लागली की बाहेर झुकून तिला आपल्या अंगाच्या भारानं सरळ ठेवतो. सहकाऱ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि वजन विचारलं. पोहता येतं का, हे त्यानंतर विचारलं. विहिरीत शिकलेल्या माणसाला पोहता येतंच, असं मी सांगितलं.

मुंबई बंदरातला शर्यतींचा हंगाम पावसाळा सरला की सुरू होतो. चार महिने होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली पालथ्या पडलेल्या असतात. दसऱ्याच्या सुमाराला ताडपत्र्या निघतात, बुरशी घासली जाते, दोरखंड बदलले जातात, डोलकाठ्या उभ्या राहतात. खंडेनवमीला आमच्याकडं नांगर-विळे पुजतात, तशी इथं होड्यांची पूजा होते. फायबरच्या परदेशी धाटणीच्या होडीला झेंडूचं तोरण, सुकाणूला हळदकुंकू आणि पाण्यात ढकलण्याआधी नारळ. होड्या सांभाळणारी माणसं बहुतेक कोकणातली. साहेबलोक तोरण लावू लागले की ती हसतात आणि गाठ सोडून पुन्हा नीट बांधतात.

मग सुरू होतं वाट बघणं. शर्यत म्हणजे वेग अशी माझी समजूत होती, पण ऑक्टोबरातली शर्यत म्हणजे मुख्यतः वाऱ्याची वाट. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा गेलेला असतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडं थोडी झुळूक वाहते, ती दहा-अकराला मरते. मग जमीन तापेपर्यंत सगळं बंदर तेलासारखं निपचित. दुपार कलू लागली की वायव्येकडून समुद्रावरचा वारा आत शिरतो. खारे वारे आणि मतलई वारे मी जिंतूरच्या शाळेत पाठ केले होते, समुद्र बघितलेला नसताना. परीक्षेत बाणांसह आकृतीही काढली होती. इथं ते बाण खरे होते आणि त्यांच्यावर पन्नास माणसांचा दिवस टांगलेला होता. आधी दूर पाण्याचा रंग बदलतो, एक काळसर पट्टा सरकत येतो. तो पहिल्यांदा दिसतो म्हाताऱ्या खलाशाला, मग बाकीच्यांना. ‘आला’ एवढंच तो म्हणतो आणि वडापावचे कागद खिशात कोंबून सगळे उठतात.

त्या दोन-तीन तासांच्या वाट बघण्यात जे घडतं, त्याला मी या खेळाचा गाभा मानतो. निवृत्त नौदल अधिकारी कॉलेजच्या पोरीला दोर विणायला शिकवत असतो. कुणाचं शीड उसवलेलं, दुसरा सुई काढतो. ज्याला तासाभरानं हरवायचंय त्यालाच आपली जादा कप्पी दिली जाते, कारण त्याची होडी उतरली नाही तर हरवायचं कुणाला? भरती-ओहोटीवर भांडणं होतात. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईचं पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. ओहोटीची ओढ अशी असते की मंद वाऱ्यात शीड भरलेलं दिसतं आणि होडी मात्र मागं मागं जाते. कोजागरीच्या आसपास हमखास हे होतं. दूध आटवायच्या दिवशी आम्ही नांगर टाकून, पुढं जाण्याऐवजी मागं न जाण्याची शर्यत खेळत असतो.

सुरुवात पाच मिनिटांची. पंचांच्या नौकेवर झेंडा चढतो, भोंगा होतो, चार मिनिटं उरली की दुसरा झेंडा, एक मिनिट उरलं की तो उतरतो, मग शून्य. शिडाच्या होडीला ब्रेक नाही, म्हणून रेघेमागं उभं राहून वाट बघता येत नाही. वीसेक होड्या एकमेकींभोवती घिरट्या घालत, ओरडत, अंतर राखत त्या एका क्षणाला रेघेवर पोचायची धडपड करतात. पहिलं वळण बहुधा वाऱ्याच्या उगमाकडं असतं आणि वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच होडी सरळ जात नाही. आधी एका अंगानं तिरकं, मग वळून दुसऱ्या अंगानं तिरकं, असं नागमोडी चढावं लागतं. आमच्या घाटातली एसटी अशीच चढते, म्हणून हे मला लवकर उमगलं.

खरा धक्का पुढं होता. या शर्यतीत पाण्यावर पंच असतो, पण तो सुरुवात आणि शेवट बघतो. कोण कुणाच्या वाटेत आलं हे बघायला बहुधा कुणी नसतं. नियम साधे आहेत. वारा उजव्या बाजूनं घेणाऱ्या होडीला वाट द्यायची. दोघींचा वारा एकाच बाजूचा असेल, तर वाऱ्याकडच्या होडीनं दुसरीपासून दूर राहायचं. ज्याची चूक झाली त्यानं ती आपणच ओळखायची, बाजूला व्हायचं आणि जागच्या जागी दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. वळणाच्या खांबाला नुसता स्पर्श झाला तर एक. गिरक्या घेताना पाच-सहा होड्या पुढं निघून जातात आणि कुणी टाळ्या वाजवत नाही. मान्य नसेल तर समोरचा ‘प्रोटेस्ट’ असं ओरडतो, मोठ्या होडीवर लाल झेंडाही लावतात. मग संध्याकाळी टेबलावर बशा-चमचे मांडून सुनावणी होते. साखरेचं भांडं म्हणजे खांब, दोन चमचे म्हणजे होड्या. अशा सुनावण्यांत एरवी कोर्टात वकिली करणारी माणसं फार वाईट साक्ष देतात, हे माझं निरीक्षण आहे.

गुणांचं गणितही उलटं. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. हंगामाअखेर ज्याचे गुण सर्वांत कमी तो वर, आणि पुरेशा शर्यती झाल्या असतील तर सर्वांत वाईट निकाल वजा. एखादा दिवस बिघडणारच, हे ज्या खेळानं हिशेबातच धरलंय, तो मला आवडला.

या सगळ्याला सोनेरी मुलामा द्यायचा नाही. मुंबईतला रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. शर्यतीचा हा प्रकार साहेबांनी आणला आणि बराच काळ आपल्यापुरता ठेवला. आजही होडी, सदस्यत्व, शिडं यांचे आकडे पगारदाराला घाम फोडणारे असतात. ज्या खलाशाला वारा सगळ्यांआधी दिसतो, तो बक्षीस समारंभाला दाराशी उभा असतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आणि तेव्हा मला फार शहाणपणाचं काही सुचलं नाही. या पाण्यावर शीड साहेबाच्या कितीतरी आधीचं. कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं याच किनाऱ्यावर वाऱ्याचा हिशेब करून इंग्रजांना दमवत होती. कोळ्यांच्या होड्यांना आता इंजिन आलं आणि ते योग्यच झालं. शीड भरून पोट भरण्याचा जुलूम कुणावर का असावा? पण त्यामुळं वारा वाचायची विद्या पोटाकडून खेळाकडं आली. १९८२चं एशियाड दिल्लीत झालं तेव्हा शिडांच्या शर्यती मुंबईलाच घ्याव्या लागल्या आणि त्यात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. पुढं नौदलाचे दिलीप दोंदे ऑगस्ट २००९मध्ये मुंबईहून ‘म्हादेई’वर एकटे निघाले आणि मे २०१०मध्ये पृथ्वीला वळसा घालून परतले. ती नौका गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. वारा वाचायची विद्या कुठं कुठं जगून राहते, त्याचे हे पुरावे.

एकदा पुण्याला गेलो असता खडकवासल्याच्या पाण्यावर शिडं दिसली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र पीकॉक बेमध्ये सराव करत होते. ते धरण १८७९चं, विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली त्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, अर्धं पुणं त्याचं पाणी पितं. आणि त्याच पाण्यावर शिडं! आमची जुनी राजधानी हैदराबाद. तिथं हुसेनसागरावर भर पावसाळ्यात शर्यती होतात, दख्खनच्याच पठारावर, समुद्रापासून कोसो दूर. म्हणजे प्यायचं पाणी, बांधलेलं पाणी, पठारावरचं पाणी, यातलं काहीच आड येत नाही. शिडाला तेल लागत नाही, पाणी नासत नाही. फक्त बुडणाऱ्याला काढायला जी नाव ठेवावी लागते, तिला इंजिन लागतं. या एका ठिकाणी माझा युक्तिवाद गळतो.

दिवाळीला गावी आलो तेव्हा हे सगळं पुतण्यासमोर ओतलं. तो बारावीत, सुतारकामाचा नाद. ऑप्टिमिस्ट नावाची पोरांची होडी १९४७ साली अमेरिकेत क्लार्क मिल्स नावाच्या माणसानं मुद्दाम अशी आखली की आठ बाय चारच्या प्लायवूडच्या दोन फळ्यांतून ती घरी कापता यावी, हे सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठला. नकाशा कुठं मिळंल, प्लाय कुठल्या जाडीचं, शिडाला ताडपत्री चालंल का? वहिनी म्हणाल्या, “भावजी, आधी पोहायला शिकवा पोरांना. हिरीत बुडालेली पोरं गावाला कमी नाहीत.” यावर दोघंही गप्प झालो, कारण त्या बरोबर होत्या.

दुसऱ्या दिवशी येलदरीवर गेलो. त्या साली धरण भरलेलं होतं आणि वारा ईशान्येचा, कोरडा, सलग वाहत होता. मुंबईत असा वारा मिळावा म्हणून आम्ही नवस केले असते. काठावर एक भोई काका जाळं निवडत बसले होते. पुतण्यानं त्यांना सगळं समजावलं: शिडं, खांब, वीस पोरं, शर्यत.

“कामून पण?” काकांनी विचारलं.

पुतण्या अडखळला. मग म्हणाला, “वारा शिकायला.”

काकांनी ते मनात घोळवलं. पोरांना पोहायला शिकवाल का, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, “शिकवीन की. पैसे नका देऊ. पण एक बोलून ठिवतो. माझी जाळी सांजच्याला पडत्यात, त्या तिथनं पार त्या बाभळीपस्तोर. तुमच्या नावांनी तिकडनं वळायचं. वारा कुण्या का अंगानं असंना, वाट जाळ्याला द्यायची.”

पुतण्यानं वहीत खांबांच्या खुणा केल्या होत्या. त्यानं त्या खोडल्या आणि काकांना विचारलं, नेमकी कुठली बाभूळ, अन् पावसाळ्यात पाणी चढल्यावर जाळी कुठं सरकतात?