ब्रेक दाबला, कारंजा आलं!
समृद्धीवर मुभा १२०ची, पण आमची वीस वर्षांची टू-सीटर ८०वर ब्रेक दाबला की स्टिअरिंगसकट थरथरायची. ‘डिस्क वाकडी,’ हे शहरातल्या गॅरेजचं निदान. वाशीम जिल्ह्यात कारंज्याला उतरलो तर जळका वासही! मिस्त्रींनी डिस्कला न शिवता पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात धरला. उजवं कोमट, डावं भट्टी. “भाऊ, कॅलिपरची पिन जाम हाये.” ब्रेक सोडला तरी पॅड घासतच होता, आतला पार झिजलेला, बाहेरचा जवळपास नवा. अकोल्याहून पॅड येईपर्यंत मुक्काम. कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. संध्याकाळी गुरुमंदिरात निवांत बसलो. सकाळी पिन साफ, ग्रीस, नवे पॅड. थरथर कमी झाली, गेली नाही. डिस्कची जाडी मायक्रोमीटरनं मोजल्याशिवाय १२० नाहीच.