कायदा, कुत्री आणि मी

मंडळी, मी तसा जुन्या वळणाचा. उजवा म्हणा हवं तर! रस्ता माणसांचा, हे आपलं ठाम मत. नोकरीपायी गुरगावात राहतो. ११ ऑगस्ट २०२५ला सुप्रीम कोर्टाने दिल्ली-एनसीआरमधली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, तेव्हा जाम खूश झालो होतो. २२ तारखेला आदेश बदलला: नसबंदी करून, लस टोचून कुत्री होती तिथेच सोडा, फक्त रेबीजवाली आणि चावरी सोडू नका. मी चिडलो.

असो. सध्या पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू माझ्या चार्जरची वायर चावतंय. रात्री तीनला रडतं, उठतो मीच. बायको नुसती हसते.

मत बदललं? छे! पण त्याची आई रोज गेटपाशी येऊन बसते. सोमवारी पालिकेची गाडी तिला नसबंदीसाठी नेणार आहे. परत इथेच आणून सोडाल ना, हे मी फोनवर दोनदा विचारलं.