गव्हाच्या शिवारातले अंतराळयान

कॅल्गरी सोडून दक्षिणेला निघाले आणि हाय रिव्हरपाशी २३ नंबरच्या महामार्गाला वळले की रॉकी पर्वत पाठीमागे पडतो. पुढे नुसते शिवार. जुलैत कनोलाच्या पिवळ्याधमक फुलांनी डोळे दिपतात, मधूनच गव्हाचे हिरवे पट्टे लागतात. बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातल्या मेहकरहून लेकाकडे आलेल्या आईवडिलांना इथवर फारसे नवल वाटत नाही. बांध नाहीत आणि मैलोन्‌मैल शेतात माणूस दिसत नाही, एवढेच काय ते निराळे. मग सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्त्याकडेला चौथऱ्यावर चढवलेले एक अंतराळयान दिसते. नातवंडे गाडीतच ओरडू लागतात. आजीचा प्रश्न मात्र साधा असतो, "हे इथं रानात कुणी आणून ठेवलं?"

गावकऱ्यांनीच. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या या गावाचे नाव व्हल्कन, वस्ती दोन हजारांच्या आत. ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेतला टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक ज्या ग्रहाचा, त्याचेही नाव व्हल्कन. मालिकेचे चित्रीकरण इथे कधी झालेले नाही. ती तयार झाली लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत आणि पहिल्यांदा दाखवली गेली १९६६ साली. गावाला हे नाव त्याच्या कितीतरी आधी, गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मिळाले होते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या एका मोजणीदाराने रोमन अग्निदेवाच्या नावावरून ते ठेवले. हौस एवढ्यावर भागली नाही. गावातले रस्तेही ज्युनो, मार्स, ज्युपिटर अशा देवदेवतांच्या नावांचे झाले.

रेल्वेमागून धान्य आले. रुळांच्या कडेला ग्रेन एलिव्हेटर उभे राहिले. ही उंच लाकडी कोठारे. शेतकऱ्याने आणलेला गहू यंत्राने वर चढवायचा, साठवायचा आणि पुढे थेट वाघिणीत ओतायचा. व्हल्कनला अशी नऊ कोठारे एका ओळीत होती. ८ जुलै १९२७ रोजी इथे चक्रीवादळ आले. त्याचे छायाचित्र पुढे एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात छापले गेले. दुसऱ्या महायुद्धात गावाजवळच्या धावपट्टीवर वैमानिकांचे प्रशिक्षण चाले. युद्ध संपले, पुढे लाकडी कोठारेही एकेक करून मोडीत निघाली. कॅनडाच्या माळरानावरल्या अनेक गावांची हीच गत झाली. व्हल्कनकडे मात्र एक नाव शिल्लक होते.

१९९५ मध्ये गावाने ते वापरायला काढले. मालिकेतल्या ‘एंटरप्राइझ’ यानाशी नाते सांगणारे, पण हुबेहूब नक्कल नसलेले, सुमारे ३१ फूट लांबीचे यान त्यांनी उभारले. यानाचा क्रमांक एफएक्स६-१९९५-ए. त्यातले एफएक्स६ हे अक्षरांक गावच्या छोट्या विमानतळाच्या संकेतांकातले, आणि १९९५ हे उभारणीचे साल. चौथऱ्यावर स्वागताचा मजकूर इंग्रजीबरोबरच व्हल्कन आणि क्लिंगॉन या मालिकेतल्या भाषांत लिहिलेला आहे. पाटीवर कन्नड वर की मराठी, यावरून तापलेली डोकी पाहिलेल्या सीमाभागातल्या आजोबांना ही त्रिभाषिक पाटी वाचून हसू आवरत नाही. जी भाषा कुणाच्याच आईची नाही, तिच्यावरून इथे कुणी भांडत नाही.

आजोबांना स्पॉक ठाऊक असतो, याचे नातवंडांना आश्चर्य वाटते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दूरदर्शनने रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ दाखवली होती. आणि मेहकरच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात टीव्ही त्याही आधी पोचला होता, तोही आकाशातून. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत थेट कार्यक्रम दाखवले गेले. इस्रोच्या या ‘साइट’ प्रयोगात कर्नाटकातले गुलबर्गा (आजचे कलबुर्गी), रायचूर आणि विजापूर हे जिल्हे होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री, तिच्याखाली सार्वजनिक टीव्ही आणि समोर जमिनीवर बसलेला गाव. विज्ञानकथाकार आर्थर क्लार्क यांनी या प्रयोगाचे तोंडभरून कौतुक केले होते. कोलंबोतल्या त्यांच्या घरावरही इस्रोने अशी छत्री बसवून दिली. म्हणजे या भागातल्या खेड्यांनी टीव्ही पाहिला तोच मुळी उपग्रहाच्या कृपेने.

यानाजवळच १९९८ मध्ये उघडलेले पर्यटक केंद्र आहे, तेही जमिनीवर उतरलेल्या यानाच्या आकाराचे. आत मालिकेतले गणवेश अंगावर चढवून फोटो काढता येतात. स्पॉकचे कान लावून आजीही उभी राहते, हाताची बोटे दोन-दोन फाकवून. ही स्पॉकची सलामी त्याची भूमिका करणाऱ्या लिओनार्ड निमॉय यांनी बॉस्टनच्या ज्यू प्रार्थनामंदिरात लहानपणी पाहिलेल्या आशीर्वादाच्या मुद्रेवरून घेतली होती.

२००९ मध्ये नव्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटाचा पहिला खेळ आपल्याकडे व्हावा, असा गावाने आग्रह धरला. अडचण एकच, गावात चित्रपटगृहच नव्हते! निमॉय यांनी शब्द टाकला आणि निर्मात्यांनी कॅल्गरीत खास खेळ ठेवला. पुढच्या एप्रिलमध्ये निमॉय स्वतः व्हल्कनला आले आणि हाताचा ठसा देऊन गेले. तो कांस्याचा ठसा आज तिथे पाहायला मिळतो.

असा उद्योग करणारे व्हल्कन एकटे नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या रिव्हरसाइडने १९८५ मध्ये आपण ‘एंटरप्राइझ’च्या कॅप्टन कर्कचे ‘भावी जन्मस्थान’ असल्याचे जाहीर करून टाकले. कर्क जन्मणार तेविसाव्या शतकात. गावाने त्यासाठी दगडही कोरून ठेवला. खुद्द अल्बर्टात, एडमंटनच्या ईशान्येला, सेंट पॉल गावाने तर कॅनडाच्या शताब्दीनिमित्त १९६७ मध्ये उडत्या तबकड्यांसाठी काँक्रीटचा तळ बांधला. त्याच्या उद्घाटनाला देशाचे संरक्षणमंत्री पॉल हेलियर हेलिकॉप्टरने आले होते. परतीच्या रस्त्यावर नातवंडांचा हट्ट सुरू होतो तो तिथे जाण्याचा, आणि लेक मोबाइलवर अंतर पाहून म्हणतो, "मग एक मुक्काम करावा लागेल."